ब्लाहा मास्तरांच्या तेरा काचा

१

फडताळाचं कुलूप शाबूत होतं आणि आतली पेटी गायब होती. पेटी होती तिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता. सोमवारची अख्खी सकाळ मी त्या चौकोनाकडे बघत उभा होतो, कारण त्या घरात दुसरं काही दाखवायला कोणी तयार नव्हतं.

मी इन्स्पेक्टर वाव्रा. बावीस वर्षं प्रागच्या पोलिसात काढली. खून पाहिले, घरफोड्या पाहिल्या, एकदा चर्चमधली घंटा चोरणाराही पकडला. पण कलावंतांच्या घरातली चोरी माझ्या वाट्याला येऊ नये, असं मला मनापासून वाटायचं. खुनी माणूस निदान विचारल्या प्रश्नाचं उत्तर तरी देतो.

घर ओताकार ब्लाहांचं. फोटो ही पण कला आहे, असं या शहराला तीस वर्षं घसा फोडून सांगणाऱ्यांपैकी ते एक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आता तो घसा बंद झाला होता. एप्रिलमध्ये झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. काचेच्या छपराखाली, खिडकीपाशी, मांडीवर घोंगडी घेऊन ते बसले होते. अंगावर मात्र इस्त्रीचं जाकीट, त्यावर घड्याळाची साखळी, साखळीला अडकवलेली छोटी किल्ली. घड्याळ चालू होतं. खोलीत तेवढाच काय तो आवाज.

"किल्ल्या दोनच," त्यांची बायको हर्मीनाबाई म्हणाली. "एक ह्यांच्या साखळीला. ह्यांना स्वतःचं बटण लावता येत नाही, ते फडताळ काय उघडणार? दुसरी त्या बाईच्या गळ्यात. आता तुम्हीच काय ते समजा, इन्स्पेक्टरसाहेब."

त्या बाई म्हणजे ब्लाझेनाबाई. दाराशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, तोंडावर कुलूप. एकोणीस वर्षं मास्तरांच्या काचा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, त्याच कागदावर छापत होत्या. त्यांची बोटं पिवळट तपकिरी झाली होती आणि नखांच्या कडेला चिरा पडल्या होत्या.

"पेटीत काय होतं?" मी विचारलं.

"काचा."

"कसल्या?"

"हातांच्या फोटोंच्या."

"किती?"

"तेरा."

"तुम्ही नेल्यात का?"

"नाही."

एवढंच. पुढचे अकरा प्रश्न मी भिंतीला विचारले असते तरी चाललं असतं. शेवटी वैतागून मी मास्तरांकडे वळलो. त्यांचे डोळे मात्र टक्क उघडे होते. सगळं कळत होतं त्या माणसाला, आणि सांगता एक अक्षर येत नव्हतं.

जाताना काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "घड्याळ छान चालतंय."

"रोज सकाळी मी चावी देते," हर्मीनाबाई म्हणाली. "टिकटिक थांबली की अस्वस्थ होतात."

ठाण्यावर मोठे साहेब वाट बघत होते. "शुक्रवारपर्यंत त्या बाईला आत टाका," ते म्हणाले. "किल्ली तिच्या गळ्यात. आणखी काय हवंय तुम्हाला, तिनं चिठ्ठी लिहून द्यावी?"

त्याच दिवशी दुपारी चोरीच्या काचांची चित्रं मला सापडली. साऱ्या शहरासमोर, भिंतीवर टांगलेली.

२

प्रदर्शन व्हिक्टर स्तारेकचं होतं. एकेकाळी मास्तरांचा शिष्य, आता नव्या फोटोग्राफीचा लाडका. मंडळींनी गर्दी केली होती. भिंतीवर बारा चित्रं, सगळी हातांची. चेहरा एकाचाही नाही. एका चित्रात पिंप बनवणाऱ्याचे हात: एकात हातोडा, दुसऱ्यानं फळी धरलेली, आणि फळी धरलेल्या उजव्या हाताची तर्जनी मुळापासून तुटलेली. दुसऱ्यात फिडल बनवणाऱ्याचे हात पोटाशी, मागे जाकिटाची बटणं. कडा अशा धारदार की दाढी करून घ्यावी.

मी तिथेच एका लोखंडी खुर्चीत स्तारेकला बसवलं. त्याच्या अंगात खलाशी घालतात तसला स्वेटर होता. समुद्र इथून दोन दिवस लांब.

"मास्तरांची हातांची चित्रं होती म्हणतात," मी म्हटलं.

"होती ना. माझीही होती. एकोणीसशे अकराच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं जोडीनं फिरायचो. मास्तर एक काढायचे, मी एक काढायचो. कॅमेरा एकच. म्हातारा चिक्कू, दुसरा देतोय कुठे."

"ज्यांचे हात काढले त्यांना आठवत असेल कोणी काढले ते."

"विचारा की. दोन माणसं आली, काळ्या कापडाखाली वाकली. बारा वर्षांपूर्वी कोण वाकलं होतं हे कोणाला आठवणार? मला स्वतःला त्यांची नावं आठवत नाहीत."

"ज्यांचे हात भिंतीवर टांगलेत त्यांची?"

"इन्स्पेक्टर, नाव कशाला हवं? कोणाचा हात आहे याला महत्त्व नाही. रेष बघा, काळं-पांढरं बघा. मास्तरांना हेच कधी समजलं नाही. ते कार्बनची छपाई करत बसले. सतरा वेळा धुवायचं, वाळवायचं, दार लावून. मी आयुष्यात एकदाही केली नाही ती भानगड, आणि त्यांनी शिकवलीही नाही."

"मग तुम्ही कसं छापलं?"

"साध्या ब्रोमाइड कागदावर. कागदावर काच, वरून उजेड, झालं. आणि काचा माझ्या, कॅमेऱ्यात मी भरलेल्या, माझ्या हातानं. लिहून घ्या."

लिहून घेतलं. काय करणार. तो हसत होता, आणि त्याला खोटं ठरवायला माझ्याकडे एक फुटका शब्द नव्हता. काचेवर कोणाची सही नसते. मी आपला प्रदर्शनाचा छापील सूचिग्रंथ घेऊन निघालो. पानाच्या एका बाजूला चित्र, दुसरी बाजू कोरी, आणि कागद इतका पातळ की त्यात कोणी पावही गुंडाळणार नाही.

३

मंगळवारी तो सूचिग्रंथ मी ब्लाझेनाबाईंसमोर धरला.

"बघा. ओळखता?"

"ब्रोमाइडवर छापलंय ना?"

"हो."

"मग मी बघणार नाही."

"बाई, शुक्रवारी तुम्हाला बेड्या पडणार आहेत."

"पडू देत. मास्तरांच्या काचा ब्रोमाइडवर छापलेल्या मी डोळ्यांनी बघणार नाही. बारा वर्षं त्या काचांना कोणी कागद लावला नाही. आधी लढाई झाली, कार्बनचा कागद बाहेरून यायचा बंद झाला. मग आला तो रद्दी. यंदा मार्चमध्ये चांगला आला, आणि एप्रिलमध्ये हे झालं."

एका दमात त्या एवढं बोलल्या याचंच मला आश्चर्य वाटलं. मी लगेच पुढचा प्रश्न टाकला. "ते छापतात कसं, ते तरी सांगा."

"कामाचं मी बाहेर बोलत नाही. मास्तरांना शब्द दिलाय. त्यांना विचारा."

"त्यांना बोलता येत नाही, बाई."

"मग थांबा."

माझ्या डोक्याची शीर तडतडायला लागली. शेवटी कशीबशी एक माहिती मिळाली: पहिली काच मातेय कोसिनाची, स्मीखोव्हच्या दारूभट्टीत पिंपं करणाऱ्याची. "नंबर एक ते तेरा, सगळ्यांची नावं मला पाठ आहेत," त्या म्हणाल्या. "मास्तर नाव विचारल्याशिवाय काच खर्ची घालत नसत."

मग मी सूचिग्रंथ मास्तरांच्या मांडीवर ठेवला, पिंपवाल्याचं पान उघडून. त्यांचा डावा हात पुढे आला. त्यांनी पान उलटलं. मागची कोरी बाजू आली. मी पान परत सरळ केलं. त्यांनी परत उलटलं.

"मास्तर, चित्र इकडे आहे."

परत उलटलं. चार वेळा, पाच वेळा. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या, रागाचं की कशाचं कळेना. मी तर सरळ आवाज चढवला. आजारी माणसावर. हर्मीनाबाईनं सूचिग्रंथ काढून माझ्या हातात कोंबला आणि मला जिना दाखवला.

४

बुधवारी मी कोसिनाला गाठलं. बैलासारखा माणूस, टाळूला केस नाही, दाढीत लाकडाचा भुसा. त्यानं उजवा हात पुढे केला आणि माझा पंजा असा दाबला की पाची बोटं मोजता आली. पाची.

मी पान उघडून दाखवलं.

"हा हात तुमचा?"

त्यानं पान लांब धरलं, जवळ धरलं. "हातोडा माझा आहे साहेब. दांड्याला खाच दिसते ना, ती मी सासऱ्यावर चिडून मारलेली. फळीपण आमचीच. पण हात माझा नव्हे." त्यानं डावा हात खिशातून काढला. त्याला तर्जनी नव्हती. "माझं बोट इकडचं गेलं. चित्रातलं बोट तिकडचं गेलंय. आणि हा गाढव डाव्या हातानं हातोडा मारतोय. असं कोण करतं?"

"फोटो कोणी काढला आठवतं?"

"दोघं आले होते. एक दाढीवाला, एक पोरगेलासा. दाढीवाल्यानं माझं नाव विचारलं, पोरांची विचारली. पोरगा सारखा ऊन बघत होता. कापडाखाली कोण गेलं देव जाणे. मी तर हातोड्याकडे बघत होतो, दुसरं बोट जाऊ नये म्हणून."

म्हणजे बोंबला. चित्रातला हात मास्तरांच्या पिंपवाल्याचा नव्हताच. त्याचाच हातोडा घेऊन दुसरा कोणी तरी उभा राहिला असणार, आणि मग स्तारेक म्हणतो ते खरं होतं. भट्टीतल्या मंडळींनी मला बिअर दिली. मी ती प्यालो आणि मला ती कडू लागली.

गुरुवारी मोठ्या साहेबांनी वॉरंट माझ्या हातात ठेवलं. ब्लाझेना, एकोणीस वर्षं नोकरी, विश्वासघात आणि चोरी. मी ते खिशात घातलं आणि ब्लाहांच्या घरी गेलो. त्या बाईनं चोरी केलेली नाही हे मला पुरतं कळत होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

५

ब्लाझेनाबाई शाल घेऊन तयारच बसल्या होत्या. टेबलावर पेजेची वाटी, मास्तरांसाठी. "एवढी भरवते, मग निघू," त्या म्हणाल्या.

मी खिडकीपाशी बसलो. सूचिग्रंथ माझ्या कोटाच्या खिशातून डोकावत होता. मास्तरांनी तो डाव्या हातानं ओढून काढला, पान शोधलं आणि पुन्हा तेच. उलटलं. मागची कोरी बाजू. यावेळी मला ओरडायची ताकद नव्हती, म्हणून मी नुसता बघत बसलो. आणि मग त्यांनी ते एक पान खिडकीच्या उजेडात उंच धरलं.

पातळ कागद. उजेड आरपार आला. मागच्या बाजूनं चित्र दिसायला लागलं: उजव्या हातात हातोडा, डाव्या हातात फळी, आणि डाव्या हाताला तर्जनी नाही.

मी उठून उभा राहिलो. पुढचं पान तसंच धरलं. फिडलवाल्याच्या जाकिटाची बटणं बाईच्या जाकिटासारखी उलटी वाटत होती, ती पुरुषाच्या जागी आली. तिसरं पान. चौथं. बाराच्या बारा चित्रं पाठीमागून बघितली की सरळ होती.

"ब्लाझेनाबाई," मी म्हटलं, "इकडे या आणि हे बघा. ब्रोमाइडवर असू दे नाहीतर नरकात छापलेलं असू दे. तुम्ही नाही बघितलंत तर हा माणूस मरेपर्यंत पानं उलटत बसेल."

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि पाहिलं. एकदा समोरून, एकदा उजेडातून. मग मास्तरांकडे बघून विचारलं, "सांगू?"

मास्तरांनी डोळे मिटून उघडले.

"कार्बनचं चित्र एका कागदावर तयार होतं," ब्लाझेनाबाई म्हणाल्या. "मग तो कागद ओला करून दुसऱ्यावर पालथा दाबायचा आणि पहिला सोलून काढायचा. पालथा दाबला की उजवं डावीकडे जातं. म्हणून मास्तर काच कॅमेऱ्यात मुद्दाम उलटी भरायचे, पाठ पुढे. दोनदा उलटलं की सरळ. हे सगळं अंधारात, दार लावून करायचे."

"आणि तीच काच कोणी साध्या ब्रोमाइडवर छापली तर?"

"तर आरशातलं चित्र येईल."

"सरळ भरलेली काच छापताना चुकून उलटी पडली, तर?"

"तर काचेची जाडी मध्ये येते, कडा फुगतात. ह्या कडा बघा कशा तासल्यासारख्या आहेत." त्या थांबल्या. "वर्षानुवर्षं नुसतं पाठीमागे उभं राहून शिकला तो पोरगा. आत यावं असं एकदाही वाटलं नाही त्याला."

खिशातलं वॉरंट मी चुरगळलं. आता स्तारेकला धरायचं होतं. पण मनात दुसरीच टिकटिक सुरू झाली होती, आणि ती मास्तरांच्या जाकिटातून येत होती.

६

शुक्रवारी सकाळी कोसिनाला घेऊन मी प्रदर्शनात गेलो. त्यानं रविवारचा कोट घातला होता. चित्राखाली त्यानं डावा हात भिंतीला टेकवला, आणि मी एका बाईच्या पर्समधला आरसा मागून चित्रासमोर धरला. आरशातला हात आणि कोसिनाचा हात, व्रणासकट एकच.

स्तारेकनं खांदे उडवले. "छापताना काच उलटली असेल."

"बाराच्या बारा? आणि तरीही कडा धारदार?"

त्यानं चित्राच्या कडेवरून बोट फिरवलं.

"तुम्ही काचा स्वतः भरल्या आणि साध्या कागदावर छापल्या. तुमच्याच तोंडचे शब्द, माझ्याकडे लिहिलेले आहेत. सरळ भरलेली काच तशी छापली तर हा माणूस उजव्या हातानं हातोडा मारताना दिसला असता. काच उलटी कोण भरतो? कार्बन छापणारा. ती भानगड तुम्ही आयुष्यात केली नाही."

"रेष तर तीच राहते ना," तो हळू आवाजात म्हणाला. "उलटं काय, सुलटं काय. रेष तीच."

"माझा हात नाय राहत," कोसिना म्हणाला.

महिनाभर ती चित्रं छापली त्यानं, टांगली, त्यांच्यासमोर भाषणं दिली, आणि एक माणूस डाव्या हातानं हातोडा मारतोय हे त्याला दिसलं नाही. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

"काचा दिल्या कोणी?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं. पण मला ते आधीच ठाऊक झालं होतं.

७

"घड्याळाला रोज चावी तुम्ही देता," मी हर्मीनाबाईला म्हटलं. "म्हणजे रोज सकाळी ती साखळी तुमच्या हातात असते. किल्लीसकट. पहिल्याच दिवशी तुम्ही मला सांगितलंत आणि मी बैल नुसता मान डोलवत राहिलो."

ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मळणं थांबलं नाही.

"पेटीत तेरा काचा होत्या. भिंतीवर बाराच आहेत. तेरावी कोणाची?"

आता मात्र हात थांबले. ती आत गेली, चादरींच्या घडीतून एक काच घेऊन आली आणि टेबलावर ठेवली. मी ती उजेडात धरली. पांढऱ्याचं काळं झालेलं, तरी ओळखू आलं. चिरा पडलेली बोटं, एका तसराळ्यात बुडालेली. ब्लाझेनाबाईंची.

"एकोणीस वर्षं," हर्मीनाबाई म्हणाली. "दार लावून त्या अंधारात दोघं. वाईट काही नव्हतं, ते मला माहीत आहे. वाईट असतं तर भांडले तरी असते. शहरातल्या पिंपवाल्याचे हात काढले, पाववाल्याचे काढले, हिचे काढले. मी त्यांचं सगळं केलं आणि माझे कधी काढले नाहीत. व्हिक्टर आला, म्हणाला मला द्या. म्हटलं ने. त्याचं नाव लागलं तरी चालेल, ही घरातून जाऊ दे. ही एक फोडायची होती. तीनदा उचलली, फोडवली नाही."

घरातली वस्तू घरातल्या बाईनं दिली, म्हणजे कायद्यानं चोरी झालीच नाही, असं मोठे साहेब म्हणाले आणि आठवडा फुकट घालवल्याबद्दल मला झाप झाप झापलं. खोट्या आळाची तक्रार करा, असं मी ब्लाझेनाबाईंना सुचवलं. त्या म्हणाल्या, "मला छपाई करायचीय."

काचा घरी परत आल्या, आणि दहा दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. पहिलं चित्र वाळून तयार होतं, कोसिनाचं. काळा रंग असा खोल की त्यात बोट बुडेल. त्यांनी ते मास्तरांच्या डाव्या हातात दिलं. मास्तरांनी बराच वेळ पाहिलं आणि ते उलटलं नाही.

मंगळवारी ते पान उलटत होते तेव्हा त्यांच्यापुढे नीट बसलो असतो, तर हे सगळं तेव्हाच कळलं असतं. त्याऐवजी मी त्या माणसावर ओरडलो होतो. ते मी त्यांना सांगितलं आणि माफी मागितली. त्यांचं लक्षच नव्हतं.

ते दाराकडे बघत होते. हर्मीनाबाई उंबऱ्यात उभी होती, आत यावं की नाही अशी. हाताला कोपरापर्यंत पीठ. मास्तरांनी डावा हात लांब केला. ती आली. त्यांनी तिचं मनगट धरलं, हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, उजेडात. मग बोटानं थोडा वळवला. अजून थोडा. अंगठा आत सरकवला आणि मागे टेकून डोळे बारीक करून बघितलं.

हर्मीनाबाईचे खांदे हलत होते, पण हात तिनं जराही हलवला नाही.

"पीठ पुसू का?" तिनं विचारलं.

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"उजेड अजून अर्धा तास आहे," ब्लाझेनाबाई कोरडेपणानं म्हणाल्या. "हलू नका, बाईसाहेब." आणि काच उलटी भरायला त्या अंधाऱ्या खोलीत गेल्या.